रक्तातलं जागरण

माझ्याकडे कोणी हौसेने येत नाही. नोकरीच्या सगळ्या वर्षांत "बरं झालं बाई, तुम्ही भेटलात" असं म्हणून हात पुढे करणारा एकही माणूस मी पाहिला नाही. बाही वर करा म्हटलं की लोक छताकडे बघतात, देवाचं नाव घेतात, नाहीतर मला माझं गाव विचारतात. गाव अवसरी बुद्रुक, काम रक्त काढायचं. सरकारी दवाखान्याच्या लॅबमधून निवृत्त झाले तेव्हा वाटलं होतं, आता अंगणात बसून मेथी निवडायची. पण मेथी निवडून निवडून किती निवडणार? तेवढ्यात पुण्याच्या एका संस्थेचं संशोधन आमच्या भागात सुरू झालं. त्यांना इथली गावं आणि माणसं ओळखणारी रक्त काढणारी बाई हवी होती. मी पुन्हा पिशवी खांद्याला अडकवली. यंदा ती कायमची खाली ठेवली आहे. गुडघे बोलायला लागलेत, आणि खरं सांगायचं तर मनही दमलंय. संपादक म्हणाले, "बाई, अंकासाठी काहीतरी गमतीदार लिहा." गंमत आहे. ती शेवटपर्यंत टिकेल असं मात्र मी कबूल केलेलं नाही.

आधी हे काम काय होतं ते सांगते. लस टोचली म्हणजे ती लागू पडलीच असं नसतं. एकाच बाटलीतली लस दोन शेजाऱ्यांना द्या, एकाच्या अंगात रोगाशी लढणारी प्रतिपिंडं भरपूर तयार होतात, दुसऱ्याच्या अंगात जेमतेम. साठीच्या पुढे तर काही भरवसाच नाही. लस लागली की नाही हे बघायला महिनाभर थांबून रक्त तपासावं लागतं. आमच्या संशोधकांचं म्हणणं असं, की महिनाभर कशाला थांबायचं? प्रत्येक पेशीत जनुकं असतात, म्हणजे शरीराने काय काय बनवायचं याच्या सूचना. एरवी त्यातल्या बऱ्याच गप्प बसलेल्या असतात. लस आत गेली की दुसऱ्याच दिवशी त्यातल्या काही बोलू लागतात. कोणती बोलली आणि किती जोरात बोलली हे तेव्हाच मोजता आलं, तर महिन्यानंतर काय होणार याचा अंदाज आधीच बांधता येईल.

म्हणून प्रत्येकाचं रक्त लशीच्या आधी, मग दुसऱ्या दिवशी, मग आठवड्याने आणि शेवटी महिन्याने घ्यायचं. दुसऱ्या दिवशीची नळी सगळ्यात नाजूक. तिच्यात आधीच एक द्रव भरलेला असतो. रक्त त्यात पडलं की पेशींचं बोलणं जिथल्या तिथे थांबतं. नळी हलक्या हाताने उलटसुलट करायची, घुसळायची नाही. माझ्याबरोबर आलेला एक नवा तंत्रज्ञ ती ताकासारखी घुसळायचा, त्याला मी दोनदा ओरडले. आणि वेळ पाळायची, कारण ही जनुकं सकाळी एक बोलतात आणि संध्याकाळी दुसरंच. बिबट्या फिरतो म्हणून एका वस्तीवरची मंडळी ऊन वर आल्याशिवाय उसातल्या वाटेने यायला तयार नव्हती, तर मी साऱ्या गावाचीच वेळ पुढे ढकलली. पुण्याला हे सांगितल्यावर तिकडून विचारणा झाली, "बिबट्याचं कारण रेकॉर्डमध्ये कसं लिहायचं?" मी म्हटलं, "बिबट्या असंच लिहा."

आमच्या लोकांकडे या सगळ्या शास्त्रासाठी फार पूर्वीपासून एक शब्द आहे. गुण. औषधाचा गुण आला, मलमाचा गुण आला, अमक्या डॉक्टरच्या हाताला गुण आहे. शहरातला माणूस रिपोर्ट मागतो, आमचा माणूस "गुण आला का?" एवढंच विचारतो. आणि नेमकं तेच सांगायला मला बंदी होती. कारण साधं आहे. पद्धत अजून तपासून पाहायची होती. दुसऱ्या दिवशीच्या रक्तावरून एखाद्याला "तुमची लस लागली" म्हणावं आणि ती लागलेली नसावी, तर तो बिनधास्त फिरणार आणि आजारी पडणार. नियम मला पटलेला होता. पटलेला नियम रोज लोकांच्या तोंडावर सांगणं हे मात्र फार दमवणारं काम आहे.

गिऱ्हाइकं एकेक नमुनेदार. लोणीचे एक रिटायर्ड मास्तर उजव्या हाताचं रक्त द्यायला तयार नव्हते, कारण उजवा हात जेवणाचा. डाव्या हाताची शीर काही केल्या सापडेना. शेवटी मास्तरांनी तोडगा काढला, उजव्या हाताने त्या दिवशी जेवणारच नाही, चमच्याने खाईन. चमचा कोणत्या हातात धरणार हे मी विचारलं नाही. ओझरला देवळाबाहेर फुलं विकणाऱ्या एक मावशी नळीकडे बघत म्हणाल्या, "बाई, येवढं माझं रगत पुन्याला चाललंय, पर तितं ते कुना शिकल्यासवरल्याला घालू नका हां. माझ्यावानी तोंडाळ व्हईल."

पश्चिमेकडच्या डोंगरी गावांत मी रमायचे, पण तिथेही सगळंच गोड नव्हतं. एका घरी आडनाव कळल्यापासून मला चहा कागदी कपात यायचा आणि आमच्या ड्रायव्हरला स्टीलच्या पेल्यात. रक्त काढून घ्यायला त्यांना माझा हात चालत होता. मी चहा प्यायचे आणि कप तिथेच पायरीवर ठेवून यायचे. या वयात भांडायला जोर लागतो आणि तो मला शिरा शोधायला हवा होता.

आता गेनूबाबांचं सांगते, कारण लिहायला बसले ती त्यांच्यासाठीच. डिंभ्याच्या धरणापलीकडचं गाव, भाताची खाचरं आणि वरच्या बाजूला नाचणी-वरई. गेनूबाबा सत्तरीच्या पुढचे, बायको नाही. घरात मुलगा, सून मंगल आणि नात आरोही. मुलगा चाकणला कंपनीत, आठवड्याने येणारा. आरोहीला रक्ताचा कॅन्सर झालेला, तेव्हा ती जेमतेम चार वर्षांची. पुण्याला उपचार चालू होते, मधे मधे घरी यायची. त्या औषधांनी पोराच्या अंगातली ताकद पार उतरते, साधा सर्दीताप जिवावर बेततो.

आदल्या थंडीत गेनूबाबांना ताप आणि खोकला झाला होता. पाठोपाठ आरोही तापली आणि तिला पुण्याला अतिदक्षता विभागात ठेवावं लागलं. ताप आजोबांकडूनच गेला कशावरून? बसमधून, बाजारातून, कुठूनही जाऊ शकतो. पण दवाखान्याच्या धावपळीत मंगल एकदा सासऱ्यांबद्दल रागाने बोलून गेली, "मामांनीच दिला." पोरगी वाचली, मंगल ते विसरली, गेनूबाबा विसरले नाहीत. पुण्याच्या डॉक्टरांनी घरातल्या सगळ्यांनी फ्लूची लस घ्यावी असं सांगितलं होतं, आणि आमचं संशोधन नेमकं त्याच लशीवर आणि साठीपुढच्या लोकांवर होतं. त्यामुळे गेनूबाबा आमच्या यादीत आपणहून येऊन बसले. सुया बघून त्यांनी छताकडे पाहिलं नाही. एवढंच म्हणाले, "बाई, गुन आल्याचं कळल्याबिगर मी पोरीला हात लावायचा न्हाई. तवा तेवढं सांगा."

मी नियम सांगितला.

"आसंल तुमचा नेम," ते म्हणाले. "माझाबी हाय."

लशीच्या दिवशी शाळेच्या व्हरांड्यात सभा झाली. आमच्या संशोधनाच्या डॉक्टर मॅडम पुण्याहून आल्या होत्या, वयाने लहान, हुशार, आणि मराठीत समजावून सांगायची मनापासून धडपड करणाऱ्या. त्यांनी सगळं छान सांगितलं. शेवटी म्हणाल्या, "लस टोचली की पहिल्या रात्रीच तुमच्या रक्तातली जनुकं जागी होतात. ती जितकी चांगली जागी होतील तितकी लस चांगली लागेल. म्हणून उद्या सकाळी बाई पुन्हा रक्त घ्यायला येतील." माना डोलल्या. मला वाटलं, पहिल्यांदाच या कामातलं काहीतरी लोकांना नीट समजलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेत पोचले तर सगळी मंडळी माझ्या आधी हजर. एरवी निम्म्यांना घरून बोलावून आणावं लागतं. पहिल्या म्हातारीचा हात स्पिरिटच्या बोळ्याने पुसला तर बोळा पिवळाधमक झाला. दुसऱ्याचाही तसाच. हातावर, कपाळावर, गळ्यावर भंडारा. डोळे सगळ्यांचे लालभडक, चेहऱ्यावर मात्र परीक्षेत पहिला नंबर आल्यासारखं समाधान.

"काय झालं? कोणाचं लग्न होतं का?" मी विचारलं.

"लगीन कशाचं, बाई," गेनूबाबा बाही सरसावत म्हणाले. "जागरन घातलं. वाघ्या-मुरळी बोलावली व्हती खालच्या वाडीची. मॅडम म्हनल्या ना, रातच्याला रगत जागं व्हायला पायजे. आमी झोपलो तर ते कसं जागं व्हनार? म्हून आख्खी रात कुनी डोळ्याला डोळा लावला न्हाई."

"ती धोंडाबाई जरा पेंगत व्हती," मागून कोणीतरी म्हणालं, "पर आमी तिला उठवली."

मला आधी हसू आलं. इतकं आलं की सुई बाजूला ठेवावी लागली. मग काय होऊन बसलंय ते लक्षात आलं. रात्रभर न झोपलेल्या माणसाचं रक्त नुसतंच दमलेलं नसतं. लस बिलकुल न घेताही त्यातली कितीतरी जनुकं भलतंच काही बोलत असतात. त्यात लशीचा आवाज कुठला आणि जागरणाचा कुठला, हे कोण वेगळं करणार? मी बाहेर जाऊन मॅडमना फोन केला. मग त्या म्हणाल्या, "मीच म्हटलं होतं ना, जागी होतात." मी म्हटलं, "होय मॅडम." रक्त घ्या, पण या गावाच्या आजच्या नळ्या वेगळ्या ठेवा, असं त्यांनी सांगितलं. पुढे त्या नळ्या अभ्यासातून बाजूला काढल्या गेल्या. साऱ्या गावाची भक्ती एका खोक्यात जाऊन बसली. कोणी चुकलं असंही म्हणता येत नव्हतं. मॅडमनी बरोबर शब्द वापरला होता आणि लोकांनी तो बरोबर ऐकला होता.

लोकांना मी कारण सांगितलं. त्यांना ते अजिबात आवडलं नाही. "आमी येवढं जागलो ते वाया?" धोंडाबाई तर म्हणाल्या, "मला झोपू दिलं आसतं तर माझं तरी कामाला आलं आसतं!" यावर सगळे हसले, गेनूबाबा सोडून. त्यांनी विचारलं, "म्हंजी माझा गुन दिसनार न्हाई?" महिन्याचं रक्त व्हायचं आहे, त्यात दिसेल, असं मी म्हटलं. तेव्हा ते थोडे शांत झाले.

महिन्याने गेले तेव्हा दिवाळी तोंडावर आलेली, आणि आरोही पुण्याहून घरी आलेली. गेनूबाबांनी आपलं अंथरूण, ताट, तांब्या सगळं गोठ्यात हलवलं होतं. गोठा आणि घर यांच्या मधे अंगण. ते गोठ्याच्या दारात खाटेवर बसायचे आणि पोरगी ओसरीवर, डोक्यावर केस नाहीत, तोंडाला मास्क. दोघांनी अंगणातल्या अंगणात खेळ काढला होता. बाबा हात वर करायचे, ती करायची. बाबा मान वाकडी करायचे, ती करायची. ती चुकून अंगणात उतरली की बाबा उठून मागे सरायचे आणि तोंडाने मांजराला हाकलावं तसा आवाज काढायचे. मग ती हसत मागे जायची. मंगलच्या डोळ्यांत पाणी होतं. ती मला म्हणाली, "डॉक्टर म्हनले, खोकला नसंल तर जवळ घ्यायला हरकत न्हाई. पर मामा ऐकत न्हाईत. मी एकदाच बोलले व्हते हो बाई, रागात. किती येळा पाया पडू?"

मी गेनूबाबांचं रक्त घेतलं. त्यांनी पुन्हा विचारलं, कधी कळेल. मला खरंच माहीत नव्हतं. प्रतिपिंडांची तपासणी सगळ्या गावांची एकदम करायची असं ठरलं होतं. वेगवेगळ्या दिवशी केली तर आकड्यांत फरक पडतो, म्हणून शेवटच्या गावाचं शेवटचं रक्त येईपर्यंत सगळ्या नळ्या गोठवून ठेवलेल्या. शास्त्राच्या दृष्टीने अगदी बरोबर. मी पुण्याला तीन-तीनदा विचारलं, एका माणसाची आधी करता येईल का. मॅडमना वाईट वाटलं, पण एकासाठी करायची तर सगळ्यांसाठी करावी लागेल, असं त्या म्हणाल्या. मला त्यांचा राग आला, आणि त्यांच्या जागी मी असते तर हेच म्हटलं असतं याचाही राग आला.

हिवाळा गेला. त्या काळात मी बाकीची गावं करत होते, शिरा शोधत होते, लोकांना "नाही सांगता येत" असं सांगत होते. रात्री घरी आले की पाय गरम पाण्यात बुडवून बसायचे आणि गोठ्याच्या दारात खाटेवर बसलेला तो माणूस डोळ्यांसमोर यायचा. हे सगळं संशोधन कशासाठी आहे ते मला तेव्हा नीट कळलं. मोठ्या अहवालांसाठी ते असेलच. पण उद्या कोणी गेनूबाबा लस घेईल आणि दोन-चार दिवसांत त्याला कोणी सांगू शकेल, की बाबा जा, पोरीला घ्या. किंवा बाबा, अजून एक डोस घ्यावा लागेल, थोडं थांबा. आज ते सांगता येत नाही. यांच्या जागरणाच्या नळ्या चांगल्या निघाल्या असत्या तरी मी ते सांगू शकले नसते. हे मी स्वतःला कितीदा बजावलं, तरी चुटपुट जात नाही.

निकाल आले तेव्हा उन्हाळा लागला होता. प्रतिपिंडांची तपासणी जुनी आणि खात्रीची, त्यामुळे ज्याला हवं त्याला त्याचा निकाल सांगायला परवानगी मिळाली. मॅडमनी फोनवर गेनूबाबांचा सांगितला आणि म्हणाल्या, "बाई, तुम्हीच जा." मी गेले. गावात भाताच्या रोपांसाठी राब भाजायचे दिवस, सगळीकडे धुराचा वास. आरोहीचे केस उगवले होते, बारीक आणि कुरळे. तोंडावर मास्क नव्हता. आता नुसत्या गोळ्या चालू होत्या, जूनपासून शाळेत घालायचं होतं.

"आमी लई सांगितलं, आता घरात या," मंगल दारातच म्हणाली. "म्हनत्यात, बाईनं सांगितल्याबिगर न्हाई."

गेनूबाबा गोठ्यासमोर विळ्याला धार लावत बसले होते. मला बघून उठले.

"गुन आला का?"

"आला, बाबा. चांगला आला. गावात मोजक्या लोकांना एवढा आलाय."

"आत्ता आला?"

खोटं बोलावंसं वाटलं. पण त्या माणसाने माझ्या शब्दावर सगळा हिवाळा काढला होता.

"नाही. महिन्याने रक्त घेतलं होतं ना, त्यातच होता."

"म्हंजी दिवाळीला पोर आली तवा व्हता."

"होता."

"आन् मला ठावं न्हाई."

"मलाही नव्हतं, बाबा. कोणालाच नव्हतं." पुढचं बोलायला मला जड गेलं, पण तेही सांगायला हवं होतं. "आणि या लशीचा गुण एका हंगामाचाच असतो. पावसाळ्यानंतर पुन्हा टोचून घ्यावी लागेल."

त्यांनी विळा बाजूला ठेवला. रांजणाजवळ जाऊन हात धुतले, कोपरापर्यंत, साबण लावून, आणि धोतराला पुसले. मग अंगणाच्या कडेला येऊन ओसरीकडे बघत हाक मारली, "आरू, ये."

पोरगी उतरली, अंगणाच्या मध्यापर्यंत आली आणि थांबली.

"जा गं, आजोबा बोलवत्यात," मंगल म्हणाली.

गेनूबाबा दोन्ही हात पुढे करून एक पाऊल पुढे आले. आरोही हसली आणि एक पाऊल मागे गेली. तिला वाटलं खेळ सुरू झाला. बाबा आणखी एक पाऊल पुढे, ती आणखी एक मागे, हसत हसत पार ओसरीच्या पायरीपर्यंत. तिथून तिने हात वर केले आणि बाबा कधी करतात याची वाट बघत उभी राहिली.

मंगल तिला उचलून आणायला पुढे झाली, तेव्हा गेनूबाबांनीच अडवलं.

"ऱ्हाऊ दे, मंगल," ते म्हणाले. "तिला लांबचाच आजा ठावा हाय."

आणि त्यांनी हात वर केले.